पडद्यावरचा डोंगर

पडदा रंगवला माझ्या पणजोबांनी. त्या पडद्यापुढे गिऱ्हाइके उभी करून आजोबांनी फोटोचे दुकान नावारूपाला आणले. पडद्याला ओल लागू नये म्हणून वडिलांनी त्या खोलीतली शेगडी कधी विझू दिली नाही. आणि त्यांच्यामागे ते दुकान मी चालवले. बाईमाणसाचे हे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांचे फोटोही मीच काढले.

पडद्यावर एक तळे आणि त्यामागे एकच उंच डोंगर होता, शिखरापाशी किंचित डावीकडे कललेला. आमच्या शहरातली लग्ने, वाढदिवस, निरोपसमारंभ, सारे त्या डोंगरापुढेच कागदावर उतरले. पणजोबांनी तो डोंगर दूर आतल्या मुलुखात, तळ्याकाठी बसून रंगवला होता; तळे मात्र घरी आल्यावर आठवणीने भरले. तो मुलूख आता देखाव्यांसाठी आणि तिथल्या गाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. लोक गाड्या भरभरून जातात.

दुकान नातीच्या हाती द्यायचे ठरले होते. ती चित्रकार. विटलेल्या पडद्यावर पुन्हा रंग चढवायचा, तर मूळ डोंगर समोर हवा, हा तिचा हट्ट मला पटला. पडदा मेणकापडात गुंडाळून आम्ही गाडीच्या टपावर बांधला. गाडी तिने चालवली. कशी चालवायची, ते मी सांगितले.

तळे सापडले. काठाचे वळण, पाण्यातला चपटा खडक, सारे पडद्यावरच्यासारखे. डोंगर मात्र नव्हता. दोन बाजूंनी टेकड्या उतरत येत होत्या आणि जिथे त्यांनी कशाला तरी टेकायला हवे होते, तिथे नुसते आकाश होते.

"मनानंच काढला असेल त्यांनी, आजी."

"आमच्या घरात मनानं काही काढत नाहीत."

काठावरच्या एका घरात माडीवरची खोली मिळाली. घरमालकीण माझ्याच वयाची, विधवा, बोलण्यात काटकसरी. किल्ली देताना म्हणाली, "हवं तेवढं बघा. फोटोही काढा. फक्त हातानं चित्र काढू नका."

"का बरं?"

"इथं काढत नाहीत."

"माझ्या नातीनं काय करायचं, ते मी ठरवते."

"ठरवते मीच," नात हसून म्हणाली, "पण आजीला तसं वाटू द्यावं लागतं."

दुपारी ती खिडकीत बसली आणि अंगणातले अक्रोडाचे झाड तिने रंगवले. चौकटीवर टेकलेला स्वतःचा डावा हातही कोपऱ्यात काढला. चित्र सुरेख झाले. मी तसे तिला सांगितले, आणि मी सहसा सांगत नाही.

सकाळी अंगणात झाड नव्हते.

खुंट नव्हता, खड्डा नव्हता, पडलेले पानही नव्हते. जागेवर गवत होते, आजूबाजूच्या गवतासारखेच. घरमालकीणबाईंची कपडे वाळवायची दोरी त्या झाडाला बांधलेली असे. तिचे एक टोक आता गवतात पडले होते. मी ते उचलून पाहिले. गाठ सुटलेली नव्हती. तिच्या फासात फक्त खोड नव्हते.

घरमालकीणबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. नातीने डाव्या हाताने पेला उचलला. वाफाळता पेला तिने मुठीत धरून ठेवला.

"अगं, पोळशील!"

"कशानं?"

मी टेबलाकडे पाहिले. पेल्याची सावली पडली होती. तो धरणाऱ्या हाताची मात्र पडली नव्हती.

मी वर जाऊन चित्र आणले. कागद फाटेना. त्यावर कात्री चालेना. बादलीत बुडवला, तर रंग ओलासुद्धा झाला नाही.

"आधीचं परत आल्याशिवाय नवं सुटत नाही, असं माझी सासू सांगायची," घरमालकीणबाई म्हणाल्या. "इथला डोंगर एका चित्रकारानं नेला."

"तो माझा पणजोबा."

त्यांनी खिडकीतून आमच्या गाडीच्या टपाकडे पाहिले. "मग आणलाय का?"

"तो पडदा म्हणजे आमचं दुकान आहे, बाई. टाकून द्यायला ते भंगार नाही."

"आजी," नात हळूच म्हणाली. हात तिने टेबलावर ठेवला होता. त्यातून लाकडाच्या रेषा दिसू लागल्या होत्या.

मी उठले. "पडदा धुऊन डोंगर सोडून देते. पण माझ्या नातीचं एक नख जरी कमी भरलं, तर पंप लावून हे तळं उपसून काढीन. सांगून ठेवा."

"कुणाला सांगू?"

"ज्याला लागू होईल त्याला!"

आम्ही पडदा काठावर उलगडला. पणजोबांचे रंग सरसात कालवलेले. पाणी लागले की सुटणारे. आयुष्यभर जे होऊ दिले नाही, ते मी गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने करायला घेतले. घरमालकीणबाई ब्रश घेऊन पुढे आल्या. मी त्यांना मागे सारले. आमच्या घरचे आम्ही धुतो.

निळे पाणी ओघळले. मग जांभळे.

शिखर गेले. उतार गेला. मी घासत राहिले. गुडघे बोंबलत होते; त्यांना गप्प बसायला सांगितले.

"आजी..."

"बोलू नकोस. हात पाण्यात धर."

"आजी, पाणी गार आहे."

मी तिचा हात ओढून घेतला. बोटे मोजली. चिमटा काढला. ती कळवळली, तेव्हा मी श्वास सोडला.

आणि आमच्यावर सावली आली.

आवाज काही झाला नाही. टेकड्या आता डोंगराला टेकल्या होत्या. तो किंचित डावीकडे कललेला होता. मागे अंगणात झाड उभे होते आणि दोरी ताणलेली होती.

मांडीवर कोरे कापड घेऊन मी त्या डोंगराकडे मान ताठ ठेवून पाहिले. आमच्याकडे आता कुणाचे काही बाकी नव्हते.

"पुरतं फेडलंत, बाई," घरमालकीणबाई म्हणाल्या. त्यांची नजर वर, शिखराकडे होती. मग ती सावकाश खाली उतारावर आली. "पण सासू म्हणायची, त्याच्यावर माणसं नव्हती."

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

उतारावर पायथ्यापासून शिखरापर्यंत लोक रांगा करून उभे होते. नवरे-नवऱ्या, ताठ कॉलरची मुले, काठी टेकलेले म्हातारे. सारे आमच्याकडे तोंड करून, पापणी न लववता, थांबलेले. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर झालरीच्या फ्रॉकमधली लहान मुलगी बसली होती. तिची हनुवटी वर होती. तो फ्रॉक माझ्या आईने माझ्या पहिल्या फोटोसाठी शिवला होता.

मी तिला हात केला नाही. तीही हलली नाही.