हिरव्या शाईची ओळ

मोबाइल ठेव खाली. उद्यापासून तुझी वॉर्डात रात्रपाळी ना? मग ऐक. हे तुझ्या मोठ्या आत्याबरोबर घडलं, तिनेच मला सांगितलं. खोटं रचायची ताकदच नव्हती उरली तिच्यात.

मंगळवारची रात्र. सलग दुसरी पाळी. पावणेदोनला ती खाली ब्लँकेट आणायला गेली, कारण सात नंबरच्या शिंपीणबाईंना थंडी वाजत होती. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुखू नये म्हणून कण्यात बारीक नळी, आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन. ही दोन एकत्र आली की कण्यात रक्त साचायची भीती. साचलं की पाय जातात, आणि काही तासांत काढलं नाही तर कायमचे जातात. म्हणून दर दोन तासांनी पायाची बोटं हलवायला सांगायची आणि तक्त्यात लिहायचं.

आत्याने काय केलं? बाराला विचारलं, आणि तेव्हाच सकाळपर्यंतच्या सगळ्या ओळी भरून टाकल्या. 'बोटं हलतात.' सगळ्याच जणी भरायच्या गं. अंगात त्राण नसलं की माणूस असंच करतं.

ब्लँकेट घेऊन वर आली. तक्ता टेबलावर उघडा. दोनची ओळ खोडलेली. शेजारी हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात...

'हलत नाहीत.'

वॉर्ड झोपलेला. हिरवं पेन तिथे कुणाकडेच नव्हतं.

ती सातकडे गेली. "बाई, बोटं हलवा बरं."

"हलवतेय की, सिस्टर."

चादर उचलली. बोटं... जागच्या जागी.

"जड कधीपासून वाटतंय?"

"तासभर झाला. म्हटलं, दमलाय तुम्ही, कशाला हाक मारू."

डॉक्टर धावत आले. उजाडायच्या आत कण्यातलं रक्त काढलं. बाई आज पुन्हा पायमशीन चालवतात.

आत्याच्या डोक्यातून मात्र ते हिरवं अक्षर जाईना. वर्षापूर्वी त्याच खाटेवर एक हेडमास्तर होते, खिशाला कायम हिरवं पेन. त्यांचे पाय गेल्याचं सकाळी कळलं, तोवर फार उशीर झाला होता. चार महिन्यांत मास्तरही गेले. पाय गेले त्या रात्रीची पाळी आत्याचीच होती.

सकाळी तिने त्यांची जुनी फाइल काढली. तक्त्यात तिचंच निळं अक्षर. दहा. बारा. दोन. चार. 'बोटं हलतात.'

प्रत्येक ओळीवर हिरवी फुली. आणि खाली, मास्तरांच्या वळणदार अक्षरात, एकच शेरा...

'एकदाही विचारलं नाही.'