सात नंबर दमलाय

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी त्या खोलीत होतो, पूर्ण शुद्धीत होतो आणि पोटभर जेवून आलो होतो.

रात्र नव्हती. रविवारची दुपार. तीन वाजून दहा मिनिटं.

जागा, एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. मी तिथे स्टोअर सांभाळतो. दिवसभर बँडेजचे खोके मोजणारा माणूस, मोजता न येणाऱ्या गोष्टीवर सहसा विश्वास ठेवत नाही. शेजारची सर्व्हरची खोली माझ्या ताईच्या नवऱ्याकडे, म्हणजे भाऊजींकडे. भाऊजी सरळ माणूस. इतका सरळ की लिफ्टमध्ये एकटे असले तरी कोपऱ्यात उभे राहतात.

त्यांच्या खोलीत आठ सर्व्हर. प्रत्येकाच्या पोटात दहा-बारा आभासी मशीनं. एका हॉलमध्ये पार्टिशन टाकून खोल्या काढतात ना, तसं. एक मशीन लॅबचं, एक औषधांचं... आणि एक आयसीयूचं. बावीस पेशंटचे ठोके आणि श्वास त्या एका मशीनमधून सिस्टरच्या पडद्यावर जातात.

कुणाला किती मेमरी द्यायची, कुठलं मशीन उचलून कुठल्या सर्व्हरवर ठेवायचं, हे आता एक सॉफ्टवेअर बघतं. आधी त्या खोलीतले जुने ऑपरेटर अप्पा बघायचे. निवृत्तीआधी सहा महिने ते सॉफ्टवेअर अप्पांच्या हाताखाली शिकलं. आपल्याच खुर्चीवर येणाऱ्याला अप्पांनी मन लावून शिकवलं. निरोपाला साहेबांनी मोठं भाषण केलं, अप्पांचं नाव चुकवून.

दोन महिन्यांनी अप्पा गेले.

मेमरी ते आपली आपण वाटतं, पण मशीन हलवायचं तर फक्त सुचवतं. ‘मंजूर’ माणसाने दाबायचं आणि खालच्या चौकटीत कारण लिहायचं. त्याशिवाय काही हलत नाही. भाऊजी कारण म्हणून एक टिंब देतात. अप्पा मात्र लिहायचे. “चार नंबरला जरा मोकळं सोडा.” “सात नंबर दमलाय.”

अप्पा गेल्यावर तिसऱ्या रविवारी... सात नंबरचा सर्व्हर आपोआप रिकामा झाला.

मग दर रविवारी. ठीक तीन-दहाला. त्यावरची सगळी मशीनं चारवर जायची, चारला भार सोसायचा नाही, आणि आयसीयूचा पडदा दोन मिनिटं गोठायचा.

भाऊजी सोमवारी मशीनं सातवर परत आणायचे आणि नोंद बघायचे.

मंजूर. कारण: सात नंबर दमलाय.

“अहो, अप्पांचं बघून शिकलंय ते,” मी म्हटलं. “पोपटपंची आहे.”

भाऊजींनी कंपनीला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, “सर, कारणाची चौकट सॉफ्टवेअरला भरताच येत नाही. कुणीतरी कीबोर्डवर बसतंय तुमच्याकडे.”

रविवारी खोलीला कुलूप असतं. किल्ली एकच. भाऊजींच्या खिशात.

“येतोस का?” त्यांनी मला विचारलं. “नुसतं बसायला.”

“ताईला काय सांगितलंत?”

“तुझ्या स्टोअरची मोजदाद आहे म्हणून.”

सरळ माणूस खोटं बोलायला लागला, की ते दुसऱ्याच्या नावावर टाकतो.

आम्ही आत बसलो. आतून कडी. पंख्यांचा आवाज असा की ओरडूनच बोलावं लागतं. तीन-आठला भाऊजींनी कीबोर्डची वायर उपटली आणि तो शाळेतल्या पाटीसारखा छातीशी धरला.

तीन-दहा.

पडद्यावर सूचना आली. आयसीयूचं मशीन सातवरून चारवर हलवा.

आणि... पंख्यांचा आवाज गेला.

पंखे चालू होते. गार वारा अंगावर येत होता. दिवे लुकलुकत होते. फक्त आवाज नव्हता.

त्या शांततेत...

टक.

टक... टक.

कुणीतरी एका बोटाने टाइप करत होतं. सावकाश. अक्षर शोधत शोधत.

मी भाऊजींच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात कीबोर्डच्या पाठीवर होते.

पडद्यावर एकेक अक्षर उमटलं. सात नंबर दमलाय.

मंजूर.

“अप्पा?” भाऊजी पुटपुटले.

टकटक थांबली.

टेबलावरचा फोन केवढ्यांदा वाजला! आयसीयूची सिस्टर. “अहो, पडदा गोठला! नऊ नंबर खाटेवरच्या आजोबांचा आकडा हलत नाहीये, आहेत की गेले मला इथून कळत नाहीये!”

भाऊजींनी कीबोर्ड जोडला आणि सॉफ्टवेअरच बंद करून टाकलं.

तीच चूक झाली. आवरणारं कुणी उरलं नाही, तशी चारवरची सगळी मशीनं मेमरीसाठी एकमेकांच्या उरावर बसली. बावीसच्या बावीस आकडे गेले. फोनमध्ये सिस्टर किंचाळत होती.

भाऊजींनी सॉफ्टवेअर पुन्हा चालू केलं. आयसीयूचं मशीन सातवर परत आणलं. कारण, एक टिंब.

पंखे एकदम गरजले. आम्ही दोघंही दचकलो.

“आलं, आलं,” सिस्टर धापा टाकत म्हणाली. “आजोबा घोरतायत.”

मी हसणार होतो. तेवढ्यात नवी सूचना आली.

ऑपरेटर: दोन.
गरज: एक.
एक कमी करा.

“मला धरलं असेल त्याने,” मी म्हटलं. “बसलोय ना इथे.”

भाऊजींनी मान हलवली. “ते माणसं मोजत नाही रे. पासवर्ड टाकून आत आलेले मोजतं.”

अप्पांचा पासवर्ड ते गेले त्याच दिवशी भाऊजींनी स्वतः काढून टाकला होता. यादीत नाव एकच, भाऊजींचं. आकडा मात्र दोन.

भाऊजींनी ‘नामंजूर’ दाबलं.

नकार सात दिवस टिकतो. पुढच्या रविवारी सूचना पुन्हा हजर. सॉफ्टवेअर बंद करता येत नाही, वर बावीस जीव आहेत. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, “चालतंय ना? मग?”

आता भाऊजी दर रविवारी अडीचलाच खाली जाऊन बसतात. बोट ‘नामंजूर’वर ठेवून. कारण ‘मंजूर’ दुसराही दाबू शकतो... आणि दोघांतला कोणता कमी करायचा, ते सूचनेत कुठेच लिहिलेलं नाही.

गेल्या रविवारी ताईला सणसणून ताप भरला. भाऊजी चपला घालून दारात उभे. घड्याळात दोन वाजले होते.

“ताईला डॉक्टरकडे मी नेतो,” मी म्हटलं. “तुम्ही खाली जाऊन बसा.”

ताई आमच्या दोघांकडे बघत राहिली. तिला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.