डोंगराच्या पोटात आवाज येत नाही

"मावशी, माझे कान तपासून द्याल का?"

फोनवर नेत्रा होती. सुजाताला आवाज लगेच ओळखू आला नाही. गेल्या ऑक्टोबरात तिचा भाचा आयुष गेला, तेव्हा त्याच्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमध्ये ही मुलगी कोपऱ्यात उभी होती, एवढंच तिला आठवत होतं. आयुष, त्याचा मित्र सिद्धेश आणि सिद्धेशची धाकटी बहीण नेत्रा, असे तिघं तिथे एकत्र राहत.

"काय होतंय कानांना?"

"आयुषचा आवाज येतो."

सुजाताने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या दुपारी ये."

पिस्कॅटवेजवळच्या एका हॉस्पिटलात ती ऑडिऑलॉजिस्ट होती. कोणाला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे तपासणं तिचं रोजचं काम. दुसऱ्या दिवशी तिने नेत्राला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि बारीक बारीक आवाज सोडत गेली. नेत्रा काचेपलीकडे डोळे मिटून बटण दाबत होती. तिच्याकडे बघताना सुजाताला सगळं पुन्हा आठवलं.

कंपनीने आयुष आणि सिद्धेशला कामासाठी स्पेनला पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी दोघं समुद्रकाठच्या एका शहरात गेले. शहराच्या डोक्यावर उघडा डोंगर, डोंगरावर जुना किल्ला. डोंगर पोखरून बसवलेली लिफ्ट लोकांना वर नेते. त्या किल्ल्याच्या तटावरून आयुष पडला. पाहणारं कोणी नव्हतं. तिथल्या पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. त्याचा टेपवाला व्हिडिओ कॅमेराही त्याच्याबरोबर खाली गेला, असं सिद्धेशने सांगितलं होतं.

नागपूरला मृतदेह घेऊन सिद्धेशच गेला. तिथे आयुषच्या आईने, म्हणजे सुजाताच्या बहिणीने, रेखाने, त्याला एकच विचारलं, "त्याने हाक मारली असेल रे. तुला ऐकू नाही आली?"

"काकू, मी पुढे निघालो होतो. लिफ्टमध्ये होतो. डोंगराच्या पोटात आवाज येत नाही."

तपासणी संपली. "कान उत्तम आहेत तुझे," सुजाता म्हणाली.

"म्हणजे डोकं बिघडलंय. दादा तेच म्हणतो. पुढच्या आठवड्यात मला पुण्याला पाठवतोय, तिकीटपण बुक केलंय."

"आवाज कुठून येतो?"

"दादाच्या खोलीतून. मी लवकर घरी आले की. पहिल्यांदा मीटिंग कॅन्सल झाली म्हणून लवकर निघाले होते."

"दार उघडून पाहिलंस?"

"नॉक केलं की थांबतो. दादा दार उघडतो, आत कोणी नसतं. टीव्हीसुद्धा बंद. परवा मी सगळीकडे हात लावून पाहिला. टीव्हीच्या काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले. मला वाटलं, आयुष इथेच आहे."

"काय बोलतो तो?"

नेत्राने डोळे मिटले. "म्हणतो, 'लिफ्ट बंद म्हणजे काय यार, सिद्ध्या. पाय गेले माझे. पण बघ, सगळं शहर आपल्या पायाखाली.' मग खोकतो. मग नुसता वारा. मग म्हणतो, 'इथे नेत्राला आणायला पाहिजे.'"

"खोकला दर वेळी?"

"दर वेळी. तिथेच."

सुजाताने खुर्ची जवळ ओढली. "तुला का आणायला पाहिजे, नेत्रा?"

नेत्राने आधी दाराकडे पाहिलं. "आम्ही लग्न करणार होतो. कोणालाच माहीत नव्हतं. ट्रिपमध्ये निवांत वेळ मिळाला की सिद्ध्याला मीच सांगतो, असं आयुष म्हणाला होता."

"सांगितलं त्याने?"

"दादा कधीच काही बोलला नाही."

सुजाताने कोट घेतला. "चल. आत्ताच."

ट्रॅफिकमुळे जर्सी सिटीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. नेत्राने किल्ली हळू फिरवली. आत दिवे नव्हते. दिवाणखान्याच्या मोठ्या काचेतून नदीपलीकडचं मॅनहॅटन दिसत होतं. आयुषच्या खोलीचं दार लावलेलं होतं.

तेवढ्यात पॅसेजच्या टोकाकडून, सिद्धेशच्या खोलीतून आवाज आला.

"...पण बघ, सगळं शहर आपल्या पायाखाली."

सुजाताने भिंत धरली. ज्याच्या चितेजवळ ती बहिणीला सावरत उभी होती, तो पलीकडे बोलत होता. खोकला. वारा. नेत्राचे ओठ पुढच्या वाक्याबरोबर हलत होते.

सुजाताने दार वाजवलं. वारा एकदम थांबला.

दार उघडायला थोडा वेळ लागला. सिद्धेश वाळला होता, दाढी वाढली होती. "मावशी? तुम्ही?"

ती त्याच्या बाजूने आत गेली. जुना, जाड पाठीचा टीव्ही काळा होता. तिने पंजा काचेजवळ नेला. काच बारीक तडतडली.

"नुकताच बंद केलास," ती म्हणाली. "बंद केल्यावर थोडा वेळ काचेवर वीज राहते. नेत्राच्या अंगावर काटा आला तो त्यामुळे."

"बातम्या बघत होतो."

"बस. मला एक सांग. किल्ल्यावर वर कसे गेलात?"

"लिफ्टने."

"आणि तू उतरलास?"

"लिफ्टनेच. काकूंना सांगितलंय मी."

"आयुषचा कॅमेरा?"

"त्याच्याबरोबर गेला. मावशी, हे काय चाललंय?"

सुजाता पलंगाच्या कडेवर बसली. तिचा आवाज चढला नाही.

"नेत्राला भास होत असते तर तिच्या आठवणीतला आयुष बोलला असता. हा किल्ल्यावरून बोलतो, तिने कधीच न ऐकलेलं बोलतो. दर वेळी त्याच शब्दानंतर खोकतो. आठवण अशी खोकत नाही, टेप खोकते. म्हणजे कॅमेरा खाली गेला नाही, तो तुझ्याकडे आहे. आणि त्या टेपवर आयुष म्हणतो, लिफ्ट बंद आहे. बंद लिफ्टमध्ये तू कसा होतास, सिद्धेश?"

सिद्धेशने काळ्या टीव्हीकडे पाहिलं.

"ती लिफ्टची गोष्ट तू फक्त माझ्या बहिणीसाठी रचलीस. तिने हाकेबद्दल विचारलं म्हणून. हाक ऐकली नसती तर नुसतं 'नाही' म्हणाला असतास. तू वरच होतास. त्याने तुला नेत्राबद्दल सांगितलं. पुढचं तू सांग."

नेत्रा दारात उभी होती. तिच्याकडे न बघता सिद्धेशने कपाटातल्या स्वेटरखालून कॅमेरा काढला आणि सुजाताच्या शेजारी ठेवला.

"कॅमेरा माझ्याच हातात होता. तो हसत सांगत होता," सिद्धेश म्हणाला. "मला आनंद होईल असं वाटलं त्याला."

"मग?"

"मी म्हटलं, घरी काय सांगू? कोणत्या जातीत दिली म्हणून सांगू? तो म्हणाला, इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खातोस, तेव्हा नाही विचारलंस. मी ढकललं. खरंच, नुसतं ढकललं. तो तटाला लोंबकळला."

"हात का नाही दिलास?"

सिद्धेशने दोन्ही पंजे मांडीखाली दाबले.

"दादा," नेत्रा पहिल्यांदाच बोलली. "हाक मारली का त्याने?"

"माझं नाव घेतलं."

"मग टेप का ठेवलीस?" सुजाताने विचारलं. "फेकून दिली असतीस तर कोणाला कळलं नसतं."

"त्यात तो आहे ना अजून. 'नेत्राला आणायला पाहिजे'च्या पुढचं मी कधीच लावत नाही."

सुजाताने हॉलमधून पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत सिद्धेश पलंगावर बसून राहिला. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही.

कागदपत्रांना महिने लागले, मग त्याला खटल्यासाठी स्पेनला पाठवलं. नेत्रा पुण्याला गेली नाही, सुजाताकडे राहायला आली. एके दिवशी पुण्याहून आईचा फोन आला.

"सख्खा भाऊ आहे तुझा. साक्ष देऊ नकोस."

"आयुष माझा कोण होता, हे तू अजून विचारलं नाहीस, आई," नेत्रा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

साक्षीच्या आदल्या दिवशी दोघी किल्ल्यावर गेल्या. वर कोवळं ऊन होतं. तट कमरेएवढाच. खाली पांढरी घरं, बंदर, पलीकडे समुद्र. नेत्रा तटाला टेकून खूप वेळ काहीतरी ऐकत उभी राहिली. सुजाता मागे थांबली, तिच्या कोटाची बाही घट्ट धरून.

"नुसता वारा आहे, मावशी," नेत्रा शेवटी म्हणाली, आणि तिथेच, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने रडली.