आत्याच्या मशीनवरचा माऊस

दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच मिनिटाला सोनालीनं स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आणि काटे तिथंच थांबले. सेल हवा होता माऊसला. बिनवायरचा माऊस तो. बाण पडद्यावर नीट पळत होता, पण मधलं चाक कितीही फिरवलं तरी पान काही खाली सरकत नव्हतं.

आणि पान तर सरकायलाच हवं होतं. तिच्या लेकीचा, भैरवीचा, उमरग्याच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज होता तो. मोफत जागांच्या सोडतीत नंबर लागलेला, आणि प्रवेश पक्का करायची मुदत आज पाच वाजेपर्यंतच. सोनाली स्वतः सातवी शिकलेली. आठवीला एसटीनं जावं लागलं असतं, म्हणून तिचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं मनात घट्ट धरलेली.

मुरूम गावच्या बाजाररस्त्याला तिच्या नवऱ्याचं, रणधीरचं, ऑनलाइन अर्ज भरायचं नि झेरॉक्सचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तो त्या दिवशी मशीनचा सुटा भाग आणायला सोलापूरला गेलेला. सकाळी साइटच उघडली नव्हती, म्हणून जाताना सांगून गेला होता, "कालच समदं भरून ठिवलंय. खाली जाऊन चौकटींत बरोबरच्या टिका करायच्या आन् बटण दाबायचं. एवढं बी जमंना तर लेकीला, भैरूला, बसव खुर्चीवर."

आता फोनवर तोच म्हणत होता, "चाक फिरव की."

"फिरवतेच हाय. नवा सेल बी घातला."

"नवा कुठला आणलास?"

"घड्याळाचा काढला."

"धन्य हाईस!" तो हसला. "बरं ऐक. लॅपटॉपच्या बाजूला बारकी डोंगल हाय न्हवं, ती काढून परत घाल. माऊसच्या पोटाखालचं बटण बंद करून चालू कर. आन् चाकात केस-बीस अडकलाय का बघ."

तिनं सगळं केलं. डोंगल फुंकून परत बसवली. पोटाखालचा लाल उजेड विझवला, पुन्हा लावला. मग माऊस उजेडाला धरून चाकाच्या फटीत बघितलं. केस नव्हता. पांढरा दोरा होता. तिनं नखानं चिमटीत धरून ओढला, तर तो येतच राहिला… वीतभर, हातभर… आणि मग कुणीतरी दातानं तोडावा तसा पट्कन सुटला.

"निघाला का?"

"निघाला," ती म्हणाली. काय निघालं ते सांगितलं नाही.

चाक तरी फिरेना. रणधीरनं सांगितलं, बाजूची पट्टी धरून ओढ. ओढली. पान खाली आलं, पण बोट सोडताच सरसर वर गेलं. खालच्या बाणाचं बटण दाबलं, तेच. दर वेळी पान एकाच जागी येऊन थांबायचं. भैरवीच्या फोटोपाशी. दोन वेण्या घातलेली भैरवी समोर टक लावून बघत होती, आणि खरी भैरवी मधल्या खोलीत सतरंजीवर झोपली होती.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. उन्हासाठी शटर अर्धं खाली ओढलेलं, त्यामुळं खोलीत नुसता लॅपटॉपचा निळसर उजेड उरला. फोनही तुटला. सोनालीनं घाबऱ्या घाबऱ्या चाक फिरवलं, आणि पायाशी काहीतरी हललं.

तिला वाटलं मांजर असेल. वाकून बघितलं. मांजर नव्हतं.

लॅपटॉप ज्या टेबलावर होता, ते टेबल म्हणजे तिच्या सासूच्या, द्वारकाबाईंच्या शिलाई मशीनचा सांगाडा. दोन वर्षांमागं द्वारकाबाई गेल्या. बंद मशीन बघवत नाही म्हणून सासऱ्यांनी, बलभीमरावांनी, बाजाराच्या दिवशी वरचं डोकं, म्हणजे सुई-दोऱ्याचं यंत्र, कुणा परगावच्या माणसाला देऊन टाकलं. सांगाडा जड, म्हणून तो इथंच राहिला. वर लाकडी फळी, खाली मोठं चाक आणि पाय मारायचं लोखंडी पायडल. चामडी पट्टासुद्धा डोक्याबरोबर गेलेला. हलवणारं काही उरलंच नव्हतं.

सोनालीनं पुन्हा माऊसचं चाक फिरवलं. पायडल पुढं झुकलं, मागं आलं. तिनं बोट थांबवलं. पायडल थांबलं.

आणि मग वास आला. मशीनच्या तेलाचा, कोऱ्या कापडाचा, आणि त्यात मिसळलेला मिसरीचा.

लग्न होऊन आली तेव्हा सोनालीला या घरात पहिल्यांदा आपलं वाटलं ते या वासानं. दुपारभर मशीन चालायची. आत्या, सासूला ती आत्याच म्हणायची, ओठांत टाचण्या धरून तशाच बोलायच्या. निम्म्या मुरूमच्या पोरींचे शाळेचे ड्रेस या फळीवर शिवले गेले. भैरवी तान्ही असताना इथंच चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. खडखडाटात गाढ झोपायची आणि मशीन थांबली की दचकून उठायची. मग आत्या हसून म्हणायच्या, "हिला गप्प बसलेली आजी चालत न्हाय बघ." त्यांनीच सोनालीला पाय मारायला शिकवलं होतं. तिच्या पावलावर आपलं पाऊल ठेवून. टाच, चवडा… टाच, चवडा… "नेट लावू नको पोरी. झोका देतीस तसं दे."

आत्या गेल्या तशी या घरातली दुपारच मुकी झाली होती.

"आत्या…" सोनाली अगदी हळू म्हणाली. "तुमी हाईत का?"

आता तिचं बोट चाकावर नव्हतं, तरी पायडल हलत होतं. आणि वर, जिथं नुसती फळी होती, तिथून सुईचा आवाज येत होता. टकटकटक… टकटकटक…

"सोनाली…" उंबऱ्यात बलभीमराव उभे होते. झोपेतून उठून आलेले, पागोट्याविना. "कोण शिवतंय गं?"

"कुणी… कुणी न्हाय, मामा."

त्यांनी फळीकडं कान दिला. मग अगदी रोजच्यासारखं म्हणाले, "हळू चालव म्हण तिला. पोरगी झोपलीया." आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून.

पळून जावं, भैरवीला उचलावं आणि रस्त्यावर जावं, असं सोनालीला वाटलं. पण पडद्यावरची वेळ पाचाकडं चालली होती. पळाली असती तर लेकीचं दप्तरही खुंटीलाच लागलं असतं. ती खुर्चीवर नीट बसली. चपला काढल्या. दोन्ही पावलं पायडलवर ठेवली.

लोखंड कोमट होतं. नुकतेच कुणीतरी पाय काढून घ्यावेत तसं.

टाच, चवडा… टाच, चवडा…

पान हललं. फोटो वर गेला. एक ओळ खाली, मग आणखी एक. पाय अडखळला की पान थांबायचं, झोका लागला की पुन्हा सरकायचं. आईचं नाव आलं, पत्ता आला. टिका करायच्या चौकटी आल्या, तिनं एकेक केली. पाय मारता मारता तिच्या डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं, तिलाच कळलं नाही. भीतीचं होतं का आठवणीचं, तेही नाही. शेवटी बटण आलं. तिनं दाबलं. 'अर्ज स्वीकारला' अशी हिरवी अक्षरं उमटली.

लगेच रणधीरचा फोन. "मेसेज आला की गं! जमलं म्हण एकदाचं. काय झालं होतं माऊसला?"

"काय न्हाय… दोरा अडकला होता."

तिनं पाय काढले. "झालं बघा आत्या. भैरू शाळंत चालली."

पायडल थांबलं नाही. त्याच संथ लयीत चालत राहिलं. मधल्या खोलीत भैरवी झोपलेली, बलभीमराव भिंतीला टेकलेले, आणि खोलीभर तो जुना आवाज. किती दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं. दिवेलागणीला दोरा कापल्यासारखा बारीक आवाज झाला, आणि सगळं शांत.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात एका जीपवाल्यानं पेपरात बांधलेलं गाठोडं दुकानात आणून टाकलं. स्टँडवर कुणीतरी दिलं म्हणाला, बाई होती का माणूस, त्याच्या ध्यानात नव्हतं. आत शाळेचा ड्रेस होता. भैरवीच्याच शाळेचा, तिच्याच मापाचा. माप तर कुणालाच दिलं नव्हतं. सोनालीनं टाके बघितले आणि त्यांवरून बोट फिरवलं. असे बारीक, सरळ टाके एकाच हाताचे. बलभीमरावांनी ड्रेस नाकाशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग सगळ्या आया बघतात तसं सोनालीनं स्कर्टचा घेर उलटा केला, पुढल्या वर्षी किती उसवता येईल ते बघायला. लेकरांचं कापड शिवताना आत्या आत चार बोटं जास्तीचं सोडायच्याच. वाढत्या अंगाला लागतं.

इथं काहीच सोडलं नव्हतं. घेराला नाही, बाहीला नाही, कमरेला नाही. कापड कडेला लागून कापलेलं, आणि वरून घट्ट दुहेरी शिवण. पुढं कधी लागणारच नाही, असं.

तो ड्रेस तिनं भैरवीच्या अंगाला लागू दिला नाही. पेटीत कुलपात आहे.

तो ड्रेस ज्यावर शिवला गेला, ते मशीनचं डोकं बाजारातून कुणी नेलं, कुठल्या गावाला आहे, अजून कळलेलं नाही. म्हणून हे वाचाल त्यांनी पुढं सांगा. भूमपासून उमरग्यापर्यंत, सोयऱ्याधायऱ्यांत, बाजारात, एसटीत सांगा. कुणाच्या घरी मुरूमच्या बाजारातून घेतलेली जुनी मशीन असेल, आणि समोर कुणी बसलेलं नसताना ती चालताना दिसली, तर भिऊ नका. बंदही करू नका. जवळ जाऊन हळू एवढंच म्हणा… आत्या, पोरगी वाढायची हाय. आत कापड सोडा.