कुंबांगच्या तळाशी तीन ठोके

आम्ही निघालो होतो समुद्राच्या तळातून एक ढोल वर काढायला. पाण्यात मी जितका खोल गेलोय त्याहून खोल थापा मारतो, असं आलोर केचिल गावात माझ्याबद्दल म्हणतात. म्हणोत बापडे! पण या गोष्टीत थाप मारायची मला गरजच नाही, कारण हिच्यातला मूर्ख मीच आहे.

ढोल म्हणजे मोको. काशाचा, कमरेला बारीक, मांडीएवढा उंच. पांतार बेटावरच्या गफूरच्या कुळाने तो सात पिढ्या जपलेला. नवरीच्या घरी मोको पोचला नाही तर आमच्याकडे लग्न होत नाही. गफूरची होडी मोको घेऊन निघाली आणि कुंबांगच्या सामुद्रधुनीत, किनारा दोन वल्ह्यांवर आला असताना, भोवऱ्याने कलंडली. माणसं वाचली. मोको गेला.

नवरीची आजी इना सालेहा; इना म्हणजे आमच्याकडे आई. तिने सरळ सांगितलं, "बुडालेल्या मोकोवर मी नात देत नाही. आमच्या हद्दीत तो वाजला पाहिजे, आमच्या माणसाने ऐकला पाहिजे. नऊ दिवस देते. नाहीतर नुरसिया कुपांगला मामाकडे जाईल. तिथे स्थळं कमी नाहीत."

गफूर माझ्या हाताखाली दोन वर्षं पाणबुड्याचं काम शिकलेला, मला आमा म्हणजे बाप म्हणायचा. तो माझ्या दारात आला. मी म्हटलं, "चल."

आठव्या दिवशी आम्ही होडीत बसलो. मी, गफूर, नावाडी तालिब आणि साक्षीदार म्हणून स्वतः इना सालेहा. म्हातारीने सोबत दोन रिकाम्या टोपल्या आणल्या होत्या.

"इना, मोको टोपलीतून नेणार काय?" मी विचारलं.

"मासे नेणार. आज गार पाणी येतंय. डॉल्फिन पहाटेच आत शिरलेत, दिसले नाहीत तुला?"

वर्षातून एक-दोनदा खालचं बर्फगार पाणी आमच्या सामुद्रधुनीत उसळून येतं आणि मासे गारठून वर तरंगतात. पण माझ्या हिशेबाने त्याला अजून दोन दिवस होते. चंद्र बघून मी मोजलं होतं!

"दोन दिवस आहेत, इना."

"चंद्राला विचारलंस होय? चंद्र कधी पाण्यात उतरलाय?"

तालिब खो खो हसला. मी चिडलो. होडीत पाणबुड्यांचे तीन रबरी सूट होते. तीन मिलिमीटरचे दोन, आमच्या रोजच्या पाण्याचे. तिसरा सात मिलिमीटरचा जाडजूड. कुणी एक धिप्पाड गोरा पाहुणा तो विसरून गेलेला. त्यात आमच्यासारखे दोघं मावले असते.

"पोराला तो जाड घाल," म्हातारी म्हणाली.

"इना, सूट अंगाला चिकटून बसला तरच ऊब धरतो. ढगळ सुटात पाणी आत-बाहेर खेळतं, मग सात काय नि सतरा काय! शिवाय जाड रबर तरंगतं, बुडायला कमरेला शिसं जास्त लागतं. आणि मी या पाण्यात जन्मलोय."

"ढगळ असेल तर मनगटाला, कमरेला, घोट्याला दोऱ्या आवळ. शिसं होडीत ढीगभर आहे. जन्मलास तेव्हा तरी अक्कल घेऊन जन्मायचं होतंस!"

गफूरने माझ्याकडे पाहिलं. मी तीनवर बोट ठेवलं. हीच माझी चूक.

उडी मारली. पाणी अठ्ठावीस अंश, अंगाला तेल लावावं तसं. वरून येणाऱ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांतून, जांभळ्या प्रवाळांच्या भिंतीला धरून आम्ही सावकाश उतरत गेलो आणि पंचवीस मीटरवर, कड्याच्या अरुंद पायरीवर, तो दिसला. अर्धा वाळूत. मोको!

गफूर जवळजवळ त्याच्यावर पडलाच. त्याने सुरीच्या मुठीने ठोकलं. एक! दोन! तीन! वरच्यांना कळावं म्हणून ठरलेली ती खूण. माझ्या छातीच्या पिंजऱ्यात तो आवाज घुमला.

होडीतून सोडलेला दोर मी पुढे ओढला. आणि तेवढ्यात पाणी थरथरलं. साखरेच्या पाकासारखं. कड्याखालून एक धूसर पडदा वर चढत होता.

मनगटावरचा आकडा पाहिला. अठ्ठावीस. बावीस. सतरा. चौदा!

कवटीत कुणी खिळा मारावा तसं झालं. पंचवीस मीटरवर पाण्याच्या दाबाने रबर आधीच चेपलेलं. वर तीन मिलिमीटर असलेला माझा सूट इथे एक मिलिमीटरही उरला नव्हता. नेसूची लुंगी तरी बरी! पोपटमासे गुंगून उलटे झाले आणि आमच्या काचेसमोरून वर निघाले. बिचारे वर तरी जात होते.

गाठ मारायची होती. साधी गाठ! बोटं ऐकेनात. दोर हातात आहे हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. एकदा सुटला. दोनदा सुटला. गफूर धापा टाकत होता, त्याच्या हवेचा काटा पळत होता. मी अंगठा वर केला. वर चल! त्याने मान हलवली. नाही.

तिसऱ्यांदा गाठ बसली. दोर ताणला. मोको वाळूतून उचकटला, आणि गाठ सरकली! मोको पायरीवरून कलंडला, कड्याकडे घरंगळला. गफूर झेपावला. त्याने मोकोला मिठी मारली आणि दोघं कड्यावरून खाली गेले.

मी त्यांच्या मागोमाग उतरलो. अठ्ठावीस मीटर. एकतीस. खाली नुसता काळोख. मोको त्याला ओढत होता आणि त्याची मिठी सुटत नव्हती. काचेतून मला त्याचे डोळे दिसले. त्यांत भीती नव्हती, हेच भयंकर होतं. जणू नुरसियाशिवाय वर येण्यात त्याला काही राम उरला नव्हता.

त्याची बोटं मी एकेक करून उकलली. माझ्या बधिर हातांनी, त्याची बधिर बोटं. शेवटची करंगळी सुटली तसा मोको निमूट अंधारात उतरत गेला. सात पिढ्या. एवढासा ठिपका. मग तोही नाही.

वर जाताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे धरतात. गार पाणी तिथवर पोचलं होतं. त्या तीन मिनिटांत मी म्हातारा झालो. गफूरला मी पट्ट्याने धरून ठेवलं होतं. सोडला असता तर तो परत खाली गेला असता.

वर आलो तर जत्रा! सगळं गाव पाण्यात, हाताने मासे वेचतंय, पोरं किंचाळतायत, बाया हसतायत. तालिबने आम्हाला ओढून घेतलं. दोघांचे दात असे वाजत होते की शब्द फुटेना. मग म्हातारीने तो सातचा राक्षसी सूट उचलला आणि आम्हा दोघांना त्या एकाच सुटात कोंबलं. खरंच मावलो! एकेका बाहीत एकेकाचा हात, आणि गळ्यातून दोन डोकी.

"गेला," गफूर माझ्या कानाशी म्हणाला. "आमा, मी कुळाला काय तोंड दाखवू? तिला काय सांगू?"

 भोवती गावाचं हसू चालूच होतं.

इना सालेहाने आपली भरलेली टोपली फडक्याने झाकली. सावकाश. मग विचारलं, "कितीदा वाजवलास?"

"काय?"

"मोको. कितीदा ठोकलास?"

"तीनदा," गफूर म्हणाला.

"मीही तीनच मोजले. होडीच्या फळीला कान लावून होते मी." ती तालिबकडे वळली. "कुणाच्या हद्दीत आहोत रे आपण?"

"आपल्याच, इना."

"मग वाजला, आमच्या पाण्यात वाजला आणि मी ऐकला. पुढे तो खोलात गेला तर ते आमच्या घरातलं पडणं-हरवणं. त्याचा जाब या पोराला कोण विचारतो?"

गफूर रडायला लागला. एकाच सुटात असल्यामुळे मलाही त्याच्याबरोबर हलावं लागलं. मी फक्त हललो, बरं का!

अजूनही पाण्यात उतरायला आलेले पाहुणे विचारतात, "आमा दाहलान, तीन घालू, पाच घालू, की सात?" तेव्हा मी चंद्राकडे बघत नाही. किनाऱ्याकडे बघतो. इना सालेहा आता नाही, टोपली गफूरची बायको नुरसिया नेते. ती हात हलवत आली तर तीन. टोपली घेऊन आली, तर सात. आणि दोऱ्या आवळून!