नोंदवहीतला मासा

साहेब, पंधरा वर्षांच्या पोराला तुम्ही दोरीने बांधून नेलंत. तेव्हा तुमच्या एका शिपायाने जरी त्याच्या घरात डोकं घातलं असतं, तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती. कुणीच घातलं नाही. रविवारी तुमच्या नावाची चांदीची ढाल द्यायची होती आणि त्याआधी खुनी हवा होता. तुम्हाला तो मिळाला. कोळी, गरीब, ओरडला तरी कुणाला ऐकू न जाणारा. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचताना तुमचं तुम्हाला कळेल.

तर झालं असं.

सन अठराशे पंचाण्णवच्या जानेवारीत परळच्या मैदानावर विटीदांडूचे सामने भरले. गिरगाव, लालबाग, परळ, दादर आणि शीव कोळीवाडा असे पाच संघ. गट तीन: बारा वर्षांखालचा, सोळाखालचा आणि मोठ्यांचा. मानाची ढाल सोळाखालच्या गटाला.

सामन्यांचा चिटणीस हरेश्वर रोज उजाडता यायचा आणि स्वतःच्या हाताने गल खणायचा. ज्या खळगीवर विटी ठेवून मारतात, ती त्याला दुसऱ्या कुणी खणलेली चालत नसे.

शुक्रवारी सकाळी तो त्या खळगीशेजारीच पालथा सापडला. डोक्याची मागची बाजू फुटून कवटीचे तुकडे केसांत अडकले होते. उलटा केला, तर गळ्यात विटी. दोन्हीकडे टोक असलेली लाकडी विटी अर्धी आत ठोकलेली. बाजूला रक्ताने माखलेला दांडू, त्यावर कोरलेला मासा.

मासा ही जगनची खूण. दहा वाजायच्या आत जगन कोठडीत होता.

दुपारी त्याची आई मंजुळा गिरगावात अण्णा खोपकरांच्या खोलीचा उंबरा ओलांडून आली. अण्णा म्हणजे मढी तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाताखाली अकरा वर्षं लेखनिक राहिलेला माणूस. नोकरी सोडल्यावर खासगी तपासाची कामं घ्यायचा. खोलीत त्याचा मित्र वसंत मास्तर पान लावत बसला होता.

"तुमीच ते मढी वाचनारे?" मंजुळेने विचारलं.

"मीच. बस बाई."

"बसाला येल नाय. माज्या पोराला मारतान तिकडं. सोमवारी कोर्टात उभा करनार. कबूल हो नायतर हाडं मोडू, असं बोलतान."

"पोराने केलंय का?"

तिने असं पाहिलं की वसंताचं पान हातातच राहिलं. "केला असता तर मी इथं आली नसती. त्याला घेऊन होडी सोडली असती."

अण्णा हसला. "हे खरं बोललीस. हरेश्वरने त्याला खेळातून बाद केला होता म्हणे. वय जास्त म्हणून."

"कोन बोलला? मी देवी टोचल्याचा कागद न्हेलता गुरवारी. त्यानं बगितला, मागं कायतरी लिवला, परत दिला." तिने कनवटीची गाठ सोडून कागद पुढे केला. "मला वाचता येत नाय."

म्युनिसिपालटीचा टोचणीचा दाखला होता. त्यावर पोराचं नाव आणि जन्माचं सन अठराशे एकोणऐंशी. मागे शाईने लिहिलेलं: 'वय पाहिले. सोळाखालच्या गटात खेळण्यास हरकत नाही. हरेश्वर.' खाली गुरुवारची तारीख.

"जगनचा दांडू कुठे असायचा?"

"घरात, आढ्याला. तुमच्या मंडपात आमचे दांडू ठेवाला देत नाय."

"आत्ता आहे?"

"कोन बगनार? मी सकालपासून चौकीच्या दारात हाय."

"घरी जा. आढ्याला हात घाल. मिळेल ते कुणाला दाखवू नकोस. रविवारी मंडपात घेऊन ये."

ती गेल्यावर वसंत म्हणाला, "अण्णा, दांडू तर चौकीत आहे. घरी काय मिळणार?"

"मास्तर, तुम्ही पोरांना पाढे शिकवता ना? एक आणि एक किती ते रविवारी सांगा."

चौकीतल्या जमादाराने दोन शिव्या देऊन आणि एक विडी घेऊन दांडू पाहू दिला. अण्णाने तो उजेडात धरला. रक्त लाकडाच्या रेषारेषांत मुरून काळं पडलं होतं. मासा सुबक होता. खवले, शेपूट आणि टपोरा डोळा. अण्णाने लाकूड नाकाला लावलं, मग वसंताच्या नाकाला.

"कसला वास?"

"शी! रक्ताचा."

"आणखी?"

"आणखी कसला यायचा?"

डॉक्टरच्या जुन्या ओळखीवर मढंही पाहिलं. अण्णाने गळ्याखालचा सदरा ओढून धरला. मानेमागे तो रक्ताने ताठ झाला होता. पुढून, विटीच्या भोकाखाली, जवळपास पांढरा.

कोठडीत जगन भिंतीला टेकून होता. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला.

"हरेश्वरचा राग होता तुला?"

"कशाला? त्यानीच मला घेतला ना खेळात. आपल्याला रविवारी गिरगाववाल्यांना लोळवायचा हाय."

"तुझ्या दांडूवर मासा कुणी कोरला?"

"मीच. मुशी हाय ती. घाईत कोरली, डोला ऱ्हायला. पोरं आंधली मुशी बोलतान." तो हसायला गेला आणि ओठ पुन्हा फाटला. "हे सांगतो तर शिपाई आनखी मारतो."

वसंताला यातलं काहीच जुळेना. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला तो लालबागचा महादेव वाटतो. बुधवारी हरेश्वरची गचांडी धरली होती त्याने. शंभर लोकांनी पाहिलंय."

"चला, धरू त्याला."

लालबागच्या संघाचा म्होरक्या महादेव गिरणीत सुतार होता. रंधा न थांबवताच बोलला. "होय, धरलंय गचांडी. माझ्या संघाचे तीन झील बाद केल्यान. टोचणीचो कागद नाय म्हणून! आता गावात जन्मलेल्या पोरांचो कागद मी खयसून हाडू?"

"म्हणजे हरेश्वर सगळ्यांकडेच कागद मागत होता?"

"सगळ्यांकडे. गिरगावकरांनी जन्मपत्रिका दिल्यानी. तर हरेश्वर माका म्हणता, महादेवा, त्या पत्रिकांची शाई अजून हाताक लागता. रविवारी सायबासमोर सांगतलंय, असा हरेश्वरच म्हणालो. तेव्हा माझो राग उतारलो."

"तू दांडूही बनवतोस?"

"अर्ध्या संघांचे मीच केलंय."

"जगनचा?"

"ता काम माझा नाय. एकदा हातात घेतलंय फक्त. अरे देवा! मुशीच्या तेलान नुसतो बुळबुळीत. होडीक लावतत ता तेल, ह्यो मेलो दांडवाक चोळता. लाकूड पाणी धरना नाय म्हणता. तीन दिवस हाताचो वास जाईना. बायलेन पान दाराबाहेर वाढल्यान."

वसंत पोट धरून हसला. अण्णा हसला नाही. "महादेवा, रविवारी मंडपात माझ्या जवळ उभा राहा."

राहिले अप्पा. गिरगावचे अप्पा सामन्यांचे अध्यक्ष, साहेबांच्या बैठकीतले. त्यांचा पुतण्या गिरगावच्या सोळाखालच्या संघाचा कप्तान. शनिवारी ते दिवाणखान्यात ढाल पुसत बसले होते. चांदी साहेबांची, मागची कोरीव फळी अप्पांची.

"लाकूडकाम सुरेख आहे," अण्णा म्हणाला.

"छंद आहे मला. बसा. हरेश्वर गेला, फार वाईट झालं. मी त्याला सांगत होतो, त्या कोळ्यांना आपल्यात घेऊ नकोस. त्याने गुरुवारी त्या पोराला बाद केलं आणि शुक्रवारी त्याचा जीव गेला."

"बाद केल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हरेश्वरनेच. माझ्यासमोर बाद केलं."

"दांडवांची तपासणी तुम्ही करता?"

"अर्थात. कुणी दांडू बदलू नये म्हणून मी नोंदवही ठेवली आहे. प्रत्येक दांडवाची लांबी आणि खुणेचं चित्र. चित्रं माझ्या हातची. वही माझ्या कपाटात असते, उद्या मंडपात आणीन तेव्हा पाहा."

"कोळ्यांचे दांडूही हातात घेऊन मोजलेत?"

अप्पांनी नाकाला रुमाल लावला, जणू कोळी खोलीतच होते. "छे हो! ते लोक जवळ आले की उभं राहवत नाही, अंगाला इतका वास. त्यांना मंडपाबाहेर उभं केलं. त्या पोराने दांडू जमिनीवर ठेवला, हरेश्वरने मोजला, मी लांबून चित्र काढलं."

जिना उतरताना वसंत पुटपुटला, "सज्जन माणूस."

"फार," अण्णा म्हणाला आणि रस्त्यावर थुंकला.

रविवारी चार वाजता मंडप भरला. साहेब मधल्या खुर्चीवर बसले होते. हार गळ्यात पडणार, तेवढ्यात अण्णा पुढे झाला.

"साहेब, खुनी इथे मंडपात आहे. चौकीत नाही. पाच मिनिटं द्या."

"पुरावा आहे?" साहेबांनी विचारलं. "पोराचा दांडू तिथे मिळाला."

"त्याचा नव्हे. मंजुळाबाई, काढ."

मंजुळेने टोपलीतून फडकं सोडलं. पुढच्या रांगेने नाकं धरली. काळा, तेलकट, चकचकीत दांडू. त्यावर मासा, बिनडोळ्याचा.

"हा जगनचा. दोन वर्षं मुशीचं तेल प्यायलेला. यावर रक्त घाला, ओघळून जाईल. चौकीतल्या दांडवात रक्त रेषारेषांत मुरलंय. त्या लाकडाला तेलाचा थेंब लागलेला नाही, माशाचा वास नाही. तो दांडू नवा आहे, जगनवर आळ यावा म्हणून मुद्दाम घडवलेला."

"पोराने दोन ठेवले असतील," साहेब म्हणाले.

"मग स्वतःच्याच माशाला त्याने डोळा का काढावा? चौकीतल्या माशाला टपोरा डोळा आहे. असा मासा आणखी एकाच ठिकाणी असणार. अप्पा, वही उघडा."

अप्पा हलले नाहीत. महादेवाने त्यांच्या काखेतली वही ओढून पान काढलं. शीव कोळीवाडा, जगन. खवले, शेपूट, टपोरा डोळा.

"लांबून काढलं की असं होतं. हात सवयीने डोळा काढतो. खुन्याने खऱ्या दांडवावरून नक्कल केली नाही, या चित्रावरून केली. ही वही कुणाच्या कपाटात असते ते त्यांनीच मला सांगितलं. कोरीवकाम कुणाला येतं ते त्या ढालीच्या मागे पाहा."

"महादेवही सुतार आहे!" अप्पा ओरडले.

"आहे. पण त्याने जगनचा दांडू हातात घेतला होता. त्याने नक्कल केली असती तर आधी तेल चोळलं असतं. तेल कुणाला सुचलं नाही? ज्याने तो दांडू कधी शिवला नाही, त्याला. अप्पा, वास तुमच्या नाकाने घेतला होता. पण तो लाकडाचा असेल हे डोक्यात आलं नाही. तुम्हाला वाटलं, तो माणसांचाच."

अण्णाने खिशातून टोचणीचा दाखला काढला.

"आणि जगनला रागवायचं कारणच नव्हतं. गुरुवारी हरेश्वरने त्याला बाद केलं नाही, खेळात घेतलं. हे त्याचं अक्षर." अण्णाने दाखला वर धरला. "बाद होणार होता गिरगावचा संघ. टोचणीचा दाखला एकाकडे नाही, पत्रिका मात्र ओल्या शाईच्या. हरेश्वर आज साहेबांसमोर ते बोलणार होता. शुक्रवारी पहाटे तो गल खणायला वाकला, तेव्हा मागून पहिला घाव पडला. मग आणखी. तो मेला, तरी समाधान नाही. गळ्यात विटी ठोकली. सदरा पुढून कोरडा, म्हणजे मेल्यावर ठोकली. रागाने पेटलेलं पोर मारून पळतं. इथे कुणीतरी मढ्याजवळ बसून विचार केला, की कोळ्याने मारलं तर कसं दिसेल."

अप्पांनी बाजूच्या ढिगातला दांडू उचलला आणि अण्णाच्या डोक्यावर उगारला. वसंत मध्ये आला. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेने ऐकला. दुसरा फटका उचलेपर्यंत महादेवाने अप्पांच्या तोंडावर ठोसा मारला, पडल्यावर छातीवर गुडघा रोवला. अप्पांच्या तोंडातून दात आणि रक्त एकदम आलं.

"त्या हरेश्वराने माझा पुतण्या खोटा ठरवला असता!" ते गुळण्या टाकत ओरडले. "साहेबांसमोर! कोळ्याच्या पोराला खरा म्हणणार, आणि आम्ही खोटे!"

शिपायांनी त्यांना उचललं. वसंत खाली बसून विव्हळत म्हणाला, "पण अण्णा, खरा दांडू घरी आढ्याला होता. कुणीही जाऊन पाहिला असता. एवढा धोका हा माणूस घेतो कसा?"

"धोका कसला, मास्तर?" अण्णाने साहेबांकडे पाहिलं. "कुणी बघायला जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढं एकच गणित त्यांचं बरोबर आलं."

साहेबांनी जगनला सोडायचा हुकूम दिला. अर्ध्या तासाने दोन शिपाई त्याला धरून घेऊन आले. कोळीवाड्याची पोरं नाचत पुढे धावली आणि मध्येच थबकली.

जगनचा उजवा हात चिंधीत गुंडाळला होता. मंजुळेने चिंधी सोडली. चार बोटं मुळापासून ठेचलेली, उलट्या बाजूला वळलेली. काल संध्याकाळी उंबऱ्यावर ठेवून लाठीच्या बुंध्याने, कबूल व्हावा म्हणून. कबूल तो झाला नव्हता.

"आये, दर्यातलं जालं पेलवंल का गो आता?" त्याने विचारलं.

त्याचा हात धरून ती मधल्या खुर्चीपर्यंत चालत गेली. साहेबांनी खिशातून दहाची नोट काढली. तिने ती पाहिलीसुद्धा नाही.

"ह्यो हात कोनी मोडला?"

"चौकशी होईल, बाई."

"चौकशी अप्पाची झाली. तुज्या मान्साचा नाव इचारते मी."

साहेब उठले. गाडी मंडपाच्या दाराशी होती. मंजुळा वाटेत उभी राहिली, मग महादेव, मग कोळीवाड्याची पोरं, मग हळूहळू लालबाग आणि परळ. एक शिपाई लाठी उचलून पुढे आला आणि एवढी माणसं पाहून त्याने ती खाली केली.

"कोनी मोडला, कोनाच्या हुकमानं मोडला," मंजुळा म्हणाली. "दोन नावं हायत. बोल, सायबा. नावं सांगशील तवा वाट सोडते."