शाहबाज नंबर दोन का बुडाला?

"ए, ते बेट माझं आहे! उतर खाली!"

"बेटावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं!" असं म्हणून शाहबाजनं उशीवरून लोडावर उडी घेतली. लोड घरंगळला आणि स्वारी थेट कापसाच्या ढिगात!

"बुडाला! आपला पहिला प्रवासी पहिल्याच बेटावर बुडाला!" आकांक्षा पोट धरून हसत सुटली.

जालन्याच्या जुन्या बाजारात इब्राहीमभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्या दुकानाचा समुद्र झाला होता. फरशीवर शिंप्याच्या खडूनं लाटा काढल्या होत्या, उश्या आणि लोड ही बेटं होती, आणि इब्राहीमभाईंची मुलगी अर्शिया हातात फूटपट्टी घेऊन समुद्राची कप्तान झाली होती. आठवीतली ही पोरगी मोठी चौकस! कोणी सांगितलं की विस्तव गरम असतो, तर ती म्हणणार, "बघू तरी!" शाहबाज हा तिचा धाकटा भाऊ, दुसरीतला. आकांक्षा शेजारची, तिच्याच वर्गातली.

भाऊबीज झाली की राधेश्याम काकांची बस मालवणला निघणार होती. काकांनी नुकतंच सहलींचं ऑफिस थाटलं होतं आणि ही त्यांची पहिलीच सहल. निम्मी गल्ली निघाली होती! सहलीतला एक अख्खा दिवस होडीनं बेटांवर फिरायचं आणि पाण्यात तोंड घालून रंगीत मासे बघायचे. "त्या दिवसाचा बेत तुम्ही पोरंच ठरवा," असं सांगून काका मोकळे झाले होते. काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात काकांचा हात कोण धरणार!

"सकाळी किल्ल्याचं बेट," अर्शियानं खडूनं बाण काढला. "ऊन चढायच्या आत. मंग खडकांपाशी स्नॉर्कलिंग. शेवटी वाळूचं बेट."

"आणि जेवणाचं बेट?" कापसातून शाहबाजचं पांढरं डोकं वर आलं.

"आधी मासे, मंग मासे!" अर्शियानं बजावलं.

"म्हणजे?"

"आधी बघायचे, मंग खायचे!" आकांक्षानं खुलासा केला, आणि शाहबाजला तो बेत एकदम पसंत पडला.

कोपऱ्यात मशीन खडखडत होतं. इब्राहीमभाईंनी दोरा तोडला आणि नारिंगी जाकीट झटकून वर धरलं. पाठीवर ठळक अक्षरं होती: राधेश्याम टूर्स. मालवणला होडीवाल्यांकडे पाण्यात तरंगवणारी जाकिटं मिळतात, पण काकांना फोटोत सगळे एका रंगात हवे होते. म्हणून त्यांनी बसभर लोकांच्या जाकिटांचं काम इब्राहीमभाईंना दिलं होतं.

"पोरींनो, आत कोणता स्पंज भरलाय, म्हाइतेय का?" इब्राहीमभाईंची छाती फुगली. "नवरदेवाच्या गादीचा! जालन्यात अशी जाकिटं आजपर्यंत कोणी शिवली न्हाईत. आणि मी बादलीत टाकून बघितलं बरं का. बदकावानी तरंगलं!"

अर्शियानं जाकिटावरून हात फिरवला. शिवण सरळ, पट्टे पक्के, एक धागा लोंबत नव्हता. आपले अब्बा म्हणजे अब्बाच, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळी टोळी एमआयडीसीच्या पलीकडच्या मळ्यात हजर झाली. मळा काकासाहेबांचा. ते आकांक्षाचे आजोबा, आणि तिची चुलत बहीण शालू त्यांच्याजवळच राहायची. शालू विहिरीत अशी पोहायची, की मासोळीनं लाजावं! पाठीला पत्र्याचा डबा बांधून आजोबांनीच तिला शिकवलं होतं. विहिरीला दोन पुरुष पाणी होतं आणि आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या.

"ऐका रे!" काकासाहेब काठावर ठाण मांडून बसले. "मी हितं बसल्याबिगर पाण्याला पाय लावायचा न्हाई. आणि दोरी बांधल्याबिगर शाहबाजनं उतरायचं न्हाई. बराबर?"

"बराबर!"

आकांक्षाच्या मामानं पुण्याहून पाण्यात बघायचा मोठा चष्मा आणि श्वासाची नळी पाठवली होती. ती लावून आकांक्षानं पाण्यात तोंड घातलं आणि लगेच वर काढलं.

"अगं, तळाचा दगड दिसतोय! आणि माझे पाय किती जाड दिसतात!"

शाहबाजला नारिंगी जाकीट चढवलं, कमरेला दोरी बांधली आणि शालूनं त्याला अलगद पाण्यात सोडलं. पठ्ठ्या तरंगला! हात सोडून, पाय सोडून, चक्क गाणं म्हणत तरंगला. दोन फोटो निघाले, आणि थंडीनं दात वाजायला लागल्यावर त्याला बाहेर काढलं. जाकीट बाभळीच्या फांदीवर वाळत टाकून मंडळी घरी गेली. खरं म्हणजे इथंच ही गोष्ट संपायची. पण अर्शियाला डोळे होते ना!

दुसऱ्या दिवशी ती बाभळीखाली थबकली.

"शालू, काल संध्याकाळी पाऊस आल्ता का?"

"न्हाई गं. का?"

"मंग हे अजून का टपकतंय?"

जाकिटाखाली चिखल झाला होता. आकांक्षानं ते एका हातानं ओढलं आणि तिचा हातच खाली गेला. "बापरे! काल पिसासारखं होतं, आज धोंड्यासारखं झालंय!"

"पाणी पिलंय त्यानं," शालू म्हणाली. "गोधडी पिते, तसं."

"पण काल तर शाहबाज तरंगला!"

"तरंगला," अर्शिया हळूच म्हणाली, "पण किती वेळ? दोन फोटो निघेपर्यंत! समुद्रात तर आपण खडकांपाशी तासन् तास मासे बघत राहणार."

सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. शाहबाजचा सोडून. तो म्हणाला, "मी पुन्हा उतरतो की!"

"तू न्हाई!" तिघीही एकदम ओरडल्या.

मग डोकं चाललं ते शालूचं. गोठ्यातून तिनं फवारणीच्या पाण्याचा जुना मोठा कॅन आणला. त्यात मूठ-मूठ वाळू घातली आणि तो काठोकाठ पाण्यानं भरला. नुसता कॅन पाण्यात सोडला, तर संथपणे तळाला जायचा, अगदी पोहता न येणाऱ्या माणसासारखा. आकांक्षानं त्यावर कोळशानं डोळे आणि मिशा काढल्या.

"हा शाहबाज नंबर दोन!"

"मला मिशा न्हाईत!" शाहबाज नंबर एक चिडला.

अर्शियानं आज स्वतःसाठी आणलेलं दुसरं, कोरं जाकीट कॅनला घातलं, पट्टे आवळले आणि दोरी बांधून त्याला पाण्यात सोडलं. कॅन ऐटीत तरंगू लागला. शालू शेजारी हातपाय मारून लाटा उठवत राहिली, कारण समुद्र काही विहिरीसारखा गप्प बसत नाही. आकांक्षानं चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं.

"बुडबुडे!" ती वर येऊन ओरडली. "शिवणीतून बुडबुडे निघतायत! हवा बाहेर, पाणी आत!"

नंबर दोन आधी तिरका झाला. मग मिशांपर्यंत पाणी आलं. मग डोळ्यांपर्यंत. आणि काकासाहेबांची एक विडीसुद्धा ओढून होत नाही, तोवर तो दिसेनासा झाला.  शाहबाजनं गुपचूप ताईचा हात धरला.

"अब्बाला सांगावं लागेल," अर्शिया म्हणाली.

सांगणं सोपं नव्हतं. संध्याकाळी इब्राहीमभाई शेवटचं जाकीट घडी करून ठेवत होते. दुकानाबाहेर दोघे-तिघे उभे राहून कौतुक करत होते. ते गेले आणि अर्शियानं एका दमात सगळं सांगून टाकलं. जाकीट, बुडबुडे, नंबर दोन, सगळं!

इब्राहीमभाईंचा हात घडीवरच थांबला. "मैंने बाल्टी में डाल के देखा था," ते हळूच म्हणाले.

"थोडी देर तैरता अब्बा. फिर पानी पीता. आप नाराज हुए क्या?"

इब्राहीमभाई मान खाली घालून कात्री पुसत बसले. त्या रात्री अर्शियाला जेवण गेलं नाही. तिला रडू येत होतं, आणि तरीही आपण बोललो ते बरोबरच बोललो, हेही तिला ठाऊक होतं.

सकाळी मुलं राधेश्याम काकांच्या ऑफिसात धडकली. काका खो खो हसले.

"अरे, कॅन बुडाला म्हणून माणूस बुडतो का? मला अक्कल शिकवून राह्यले! उद्या रात्री बस निघायची आहे आणि ह्यांना आत्ता शंका!"

काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. अर्शियानं आकांक्षाला डोळा मारला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या जाकिटांचा एक व्हिडिओ काढायचा का? विहिरीवर? सगळे प्रवासी येतील."

व्हिडिओ म्हटल्यावर काकांचे डोळे चमकले. "अरे वा! जल्दी चला!"

विहिरीवर जत्रा भरली. गल्लीतले सगळे प्रवासी काठापासून लांब गोलाकार उभे राहिले. काकांनी नवा कोरा मोबाईल काढला. "नमस्कार मंडळी! राधेश्याम टूर्सची ही खास जाकिटं..."

"काका, पक्की आहेत ना?" अर्शियानं मोठ्यांदा विचारलं.

"बिलकुल पक्की! माझी गॅरंटी!"

"मंग तुमचा मोबाईल शाहबाज नंबर दोनच्या गळ्यात बांधते. पाण्याच्या वरच राहील. तिथून काय भारी व्हिडिओ निघेल!"

काकांनी मोबाईल पुढं केला, आणि चटका बसल्यासारखा छातीशी ओढून घेतला. "न्हाई न्हाई! नवा आहे गं तो. पाण्याचं काय सांगावं!"

 अर्शिया त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"काका, मोबाईलसाठी ह्या जाकिटाचा भरवसा न्हाई, मंग माझ्या भावासाठी कसा?"

शाबास पोरी! हा प्रश्न ऐकून भल्याभल्यांनी माना खाली घातल्या. काकांना घाम फुटला. "तसं न्हाई गं... मी म्हणलं..."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" काकासाहेब उठले. "सोडा तो कॅन पाण्यात. सगळ्यांनाच दिसू द्या."

नवं जाकीट घालून नंबर दोन पाण्यात उतरला. शालू लाटा उठवू लागली. पहिल्यांदा तो झकास तरंगला आणि काका जोरात ओरडले, "बघा! बघा!" सगळे बघतच होते. बघता बघता कॅन तिरका झाला, मिशा गेल्या, डोळे गेले, आणि पाण्यावर फक्त दोरी उरली. गर्दीतल्या एका बाईनं आपल्या तान्ह्याला घट्ट पोटाशी धरलं.

इतक्यात गर्दी बाजूला सारून कोणीतरी पुढं आलं. इब्राहीमभाई! ते येतील, असं अर्शियालाही वाटलं नव्हतं. त्यांनी न बोलता दोरी ओढली, जाकीट काढलं, खिशातली कात्री घेतली आणि आपणच घातलेली ती सुबक शिवण चरचर कापली. स्पंज बाहेर काढून दोन्ही हातांनी पिळला. पाण्याची धारच धार लागली!

"राधेश्याम," ते म्हणाले, "तुमी कोणाला विचारलं न्हाई, मीबी विचारलं न्हाई. पण शिवलं मी. मऊ ते चांगलं, एवढंच मला कळतं. गादीत ते चालतं, पाण्यात न्हाई. माझ्या लेकीनं दाखवलं नसतं, तर ह्या गावाला तोंड कसं दाखवलं असतं मी?" त्यांचे डोळे भरून आले. ते अर्शियाकडे वळले. "काल मी बोललो न्हाई, कारण मला शरम वाटली. तुझी न्हाई बेटा. माझी."

अर्शियानं अब्बांना मिठीच मारली. ओला स्पंज दोघांच्या मध्ये चेंगरला आणि दोघंही भिजले!

राधेश्याम काकांनीही कान पकडले. तिथल्या तिथं त्यांनी मालवणच्या होडीवाल्याला फोन लावला, तर तो तिकडून कडाडलाच. त्याच्याकडे लहान-मोठ्या सगळ्यांच्या मापाची, तपासलेली, शिक्क्याची जाकिटं होती. घरची जाकिटं घालून आलात, तर होडीत पाय ठेवू देणार नाही, असं त्यानं बजावलं.

"आणि बेटांचा बेत?" काकांनी पडेल आवाजात विचारलं. अर्शियानं तो फोनवरच वाचून दाखवला. होडीवाला म्हणाला, "फक्त भरतीची वेळ बघून खडक आधी घ्या, बाकी बेत पक्का. कुणी केला हो?"

"आमच्या पोरांनी!" काका म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी श्रेय स्वतःकडे घेतलं नाही.

"पोरं न्हाईत, पारखी आहेत पारखी!" काकासाहेबांनी चौघांच्या पाठीवर थाप मारली. "मी सत्तर वर्षं विहिरीत पोहून राह्यलो, पण असं डोकं माझं चाललं नसतं!"

जाकिटांचं काय झालं? दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांनी मिळून ती उसवली, आणि इब्राहीमभाईंनी मोठ्या दाभणानं त्यांच्या चौकोनी उश्या शिवल्या. रात्री बस सुटायला आली, तेव्हा प्रत्येक सीटवर एक नारिंगी उशी होती. निम्मी गल्ली राधेश्याम टूर्सच्या नावावर मस्त बसली होती, आणि एवढी मऊ बस जालन्यातून आजवर सुटली नव्हती.

इब्राहीमभाई सगळ्यांत शेवटी चढले. त्यांनी अनोळखी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि अर्शियाकडे बोट दाखवलं.

"ती बघा, माझी बेटी. बापाची चूक बापाच्या तोंडावर सांगितली तिनं. म्हणून आज आपण सगळे बिनघोर चाललोय."

ड्रायव्हरनं मागं वळून तिला नीट न्याहाळलं. "असं का? मंग तिला म्हणावं, बसायच्या आधी माझे टायरबी बघून घे!"

सगळी बस हसली. अर्शिया मात्र खरंच खाली उतरली.